मंगळवारची देवी

वस्तुसंग्रहालयातून माणूस आला होता,
खिशात टेप, हातात पांढरे मोजे.
मूर्ती किती जुनी, म्हणाला.
ख्वारामझेनं बोटांवर मोजलं :
मंगळवारची.
मागची आम्ही खाऊन टाकली.

तो हसला. ती नाही.
तिनं काथवटीवरचं फडकं बाजूला केलं,
आणि तिथे देवी फुगत होती,
राखाडी, ओबडधोबड, आंबूस वासाची,
तोंड कुठेच नाही,
पोट सगळीकडे.
त्यानं वहीत लिहिलं : मूर्ती नाही.

ख्वेली गावात अशा पाच बायका होत्या,
दगडी मनोऱ्यांच्या सावलीत पाच चुली, पाच काथवटी.
त्या तिला देदा म्हणत, म्हणजे आई,
म्हणजे पिठात पीठ जागं करणारी.
गाय फळेना, मेंढी पोटातलं टाकू लागली,
नव्या सुनेची चुकलेली पाळी तिसऱ्या महिन्यात परत आली,
की लोक यांच्याच दारात.
मंत्र नव्हते.
हात कोपरापर्यंत पिठात घालायचे
आणि पोरीला सांगायचं, तूही घाल.
मग दोघी गप्प, पीठ कोमट होईस्तोवर.
देदाचं ऐकू येतं, त्या म्हणत,
पण कान नाही, मनगट लावावं लागतं.

मूलच व्हायचं असं नव्हे.
पेपेलाला सात वर्षं झालं नाही;
तिला सफरचंदाचं झाड झालं, असं गाव म्हणे,
आणि कुणी ते कुचेष्टेनं म्हणत नसे.

एकच नियम कडक :
देवीला उपाशी झोपवायचं नाही.
ज्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळून वाट बुजली,
बटाटे संपले, मग बटाट्यांची सालं,
तेव्हाही रोज रात्री मूठभर जवाचं पीठ तिच्यापुढे.
चार वर्षांची त्सिरा रडत होती, मला द्या म्हणून.
देवी जगली.
त्सिराही जगली, कशीबशी.
आता ती रुस्तावीत असते, आईला फोन करत नाही.

मग पोरी एकेक करून खाली उतरल्या.
अकरा वर्षं गावात पाळणा हलला नाही.
चार चुली विझल्या,
आणि दर वेळी मेलेलीचं पीठ
उरलेलीनं आपल्यात मिसळून घेतलं.
दारिको आणि मझेवार
एका बांधावरून चाळीस वर्षं बोलल्या नव्हत्या.
आता एकाच काथवटीत फसफसतात.

मी दर मंगळवारी व्हॅन घेऊन वर जाणारी बाई :
पिठाची पोती, प्लास्टिकमधला पाव, काडेपेट्या,
बावीस वळणं, एक पूल, त्याला एकाच बाजूनं कठडा.
मला देव नको होता.
मूलही नको होतं, विचारलंत तर.
तिनं विचारलं नाही.
लोणच्याची बरणी हातात दिली,
लेबल अर्धं खरवडलेलं,
आत दोन बोटं देवी.
रोज रात्री मूठभर, म्हणाली,
विसरलीस तर लाजू नकोस, दुसऱ्या दिवशी दोन मुठी.

आणि तो नियम, मी म्हटलं, उपाशी न झोपवण्याचा?

ती बराच वेळ खिडकीतून खालच्या वाटेकडे बघत राहिली.
पोर रडत असेल तर आधी पोर, म्हणाली.
हे मला उशिरा कळलं.
आता हा नियम.

बरणी मी शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला.
बाहेर बर्फ, आत हीटर.
नवव्या वळणावर झाकण उडालं
आणि पट्ट्यावर, गिअरवर, माझ्या बाहीवर
ती आली, चिकट, कोमट,
कसली घाई नसल्यासारखी.
मी गाडी कडेला घेतली.
शिव्या घातल्या. फडकं शोधलं, सापडलंही.
मग ते मांडीवरच राहू दिलं,
बाही वर सारली
आणि मनगट टेकवलं.